दुपारी रुतणारं लेखन: चार डिस्कांच्या रेड-५ च्या दुरुस्तीच्या नोंदी

४ फेब्रुवारी

ताई गेले काही महिने जुने कागद स्कॅन करून सर्व्हरवर चढवते आहे. आज तिने कामच थांबवलं. म्हणाली, "अरे, सकाळचा पहिला ढीग झरझर जातो. दुपारचा जातच नाही. एवढ्यात मी दुसरे शंभर कागद स्कॅन केले असते."

आधी मोजमाप लिहून ठेवतो. एक ढीग म्हणजे ४०० पानं. एका पानाची टिफ फाइल साधारण ९० एमबीची, म्हणजे ढिगाला ३६ जीबी. पान सर्व्हरवर पोचलं की तिथला एक प्रोग्रॅम त्याचे २५६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे करतो, म्हणजे पान मोठं करून बघताना अख्खी फाइल उघडावी लागत नाही. पानाला सहाशेच्या आसपास तुकडे पडतात, म्हणजे एका ढिगामागे दोन लाख चाळीस हजार बारक्या फायली. सकाळचा ढीग तुकड्यांसकट आठ मिनिटांत होतो. दुपारच्याला आज पंचाहत्तर मिनिटं लागली.

मशीन: ४ टीबीच्या चार डिस्का, लिनक्सच्या एमडीवर (डिस्का एकत्र जोडणारी सोय) रेड-५, म्हणजे चार डिस्कांचा मिळून एक ॲरे, ज्यातली एक गेली तरी डेटा वाचतो. त्यावर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम. रॅम १६ जीबी, नेटवर्क गिगाबिट. जागा ६१ टक्के भरलेली. डिस्कांना या नोंदींत ए, बी, सी, डी म्हणतो. डी गेल्या वर्षी बदललेली आहे, बाकी तिन्ही सुरुवातीपासूनच्या.

५ फेब्रुवारी

नेटवर्कपासून सुरुवात केली, कारण तपासायला तेच सगळ्यात सोपं. आयपर्फने (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) दोन्ही दिशांना सेकंदाला ९४१ मेगाबिट दाखवले. गिगाबिट जोडणीवर याहून जास्त मिळत नाही. इथेच थांबायला हवं होतं, पण आकडा समोर असूनही मी केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, ताईच्या लॅपटॉपचं नेटवर्क कार्डही तपासलं. अडीच तास गेले.

त्यातच एकदा आयओस्टॅट (डिस्का किती कामात आहेत ते दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून बघितलं. चारही डिस्का निवांत दिसल्या, म्हणून डिस्कांचा नाद सोडला.

नंतर जोडलेलं: ही सगळ्यात महागात पडलेली चूक. आयओस्टॅट नुसता चालवला की जो तक्ता येतो तो मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. माझं मशीन एकेचाळीस दिवस चालू होतं, आणि त्यातला बहुतेक वेळ काहीच काम नव्हतं. डिस्का निवांत दिसणारच. दर दोन सेकंदांनी मोजायला सांगायचं आणि पहिला तक्ता सोडून द्यायचा. हे त्या दिवशी केलं असतं तर पुढच्या निम्म्या नोंदी लागल्या नसत्या.

६ फेब्रुवारी

आता सर्व्हरवरच लेखन मोजायचं ठरवलं. डीडी या लिनक्सच्या आज्ञेने २ जीबीची शून्यांनी भरलेली फाइल लिहिली. उत्तर आलं: सेकंदाला १.७ जीबी. फिरत्या डिस्कांना हे जमणं शक्यच नाही. तो आकडा रॅमचा होता. कर्नल (लिनक्सचा गाभा) लिहायचा डेटा आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्ये, घेतो आणि प्रोग्रॅमला "झालं" म्हणून सांगतो. डिस्कवर तो मागाहून जातो. मूळ सेटिंगप्रमाणे उपलब्ध मेमरीच्या १० टक्के एवढा न लिहिलेला डेटा साठला की कर्नल मागच्या मागे डिस्कवर लिहायला लागतो, आणि २० टक्क्यांपर्यंत गेला की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच अडवून धरतो. १६ जीबीच्या मशीनवर २ जीबीची फाइल त्या २० टक्क्यांच्या आतच मावते.

शेवटी एफडेटासिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं) करायला लावून तीच चाचणी घेतली तर सेकंदाला १९० एमबी. हा आकडा पटण्यासारखा होता. कुठलीही लेखन-चाचणी करायची तर शेवटचं सिंक वेळेत धरायचं आणि फाइल रॅमपेक्षा मोठी घ्यायची. यापुढे डीडी बंद, सगळं एफआयओ या डिस्क-चाचणीच्या प्रोग्रॅमने.

८ फेब्रुवारी

सकाळी सात वाजता एफआयओ: २० जीबी, १ एमबीचे तुकडे, सलग लेखन, शेवटी एफसिंक. सेकंदाला २१० एमबी. नेटवर्कच्या कमाल वेगाच्या जवळपास दुप्पट. मग ढीग अडतो कुठे?

आयओस्टॅट या वेळी नीट लावला होता. निव्वळ लेखन चालू असताना चारही डिस्कांवर वाचन दिसत होतं, सेकंदाला १५-२० एमबी. रेड-५ मध्ये डेटा पट्ट्यापट्ट्याने सगळ्या डिस्कांवर पसरलेला असतो, आणि प्रत्येक पट्ट्यात पॅरिटी असते, म्हणजे हरवलेला भाग परत काढता येईल असा हिशोब. पट्ट्याचा थोडाच भाग बदलायचा असेल तर आधी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचावी लागते, मग दोन्ही नव्याने लिहाव्या लागतात. एका लेखनाच्या जागी चार कामं. माझ्या ॲरेचा चंक (पट्ट्यातला एका डिस्कवरचा भाग) ५१२ केबीचा आहे आणि डेटाच्या डिस्का तीन, म्हणजे पूर्ण पट्टा दीड एमबीचा. १ एमबीचा तुकडा एकटा तो भरू शकत नाही. पुढचा तुकडा येईपर्यंत थांबायला एमडीला पुरेशी जागा हवी. ही जागा म्हणजे स्ट्राइप कॅश. तिचं मूळ मूल्य २५६ आहे. ते ४०९६ केलं. मेमरी किती जाते याचा हिशोब सरळ आहे: ४०९६ गुणिले ४ केबी गुणिले ४ डिस्का, म्हणजे ६४ एमबी. १६ जीबीत ती कुठेही जाणवत नाही.

पुन्हा तीच चाचणी: सेकंदाला २८५ एमबी, आणि वाचन जवळजवळ नाहीसं. ताईला सांगितलं, "झालं काम, दुपारी चढव." दुपारी अडीचला तिचा फोन आला. ढीग पुन्हा रुतला होता.

ही सुधारणा खरी होती आणि ती मी ठेवली आहे. पण ताईची अडचण वेगळीच होती.

११ फेब्रुवारी

चारही डिस्कांची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) वाचली. खराब सेक्टर कुठेच नाहीत, बदलायच्या प्रतीक्षेत असलेलेही नाहीत. पण बी डिस्कवर सीआरसी त्रुटींचा आकडा १,४१२. बाकी तिघींवर शून्य. हा आकडा डिस्कच्या पृष्ठभागाचा नसतो. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडला की तो वाढतो, आणि बहुतेक वेळा दोष साटा केबलचा असतो. कर्नलच्या संदेशांतही त्या पोर्टचा वेग १.५ गिगाबिटवर उतरवल्याची ओळ सापडली.

सापडलं असं वाटून मशीन बंद केलं आणि केबल बदलली. परत चालू केलं तर ॲरे तीन डिस्कांवर उभा! बीची केबल काढताना सीचा प्लग अर्धवट सुटला होता. या क्षणी आणखी एक डिस्क गेली असती तर सगळंच गेलं असतं. मशीन पुन्हा बंद केलं, चारही प्लग एकेक करून बोटाने दाबून बघितले आणि सीला पुन्हा ॲरेत घेतलं. चार मिनिटांत ती जुळली, कारण ॲरेवर राइट-इंटेंट बिटमॅप होता. कोणते भाग दरम्यान बदलले याची नोंद तो ठेवतो, आणि तेवढेच भाग परत लिहावे लागतात. तो नसता तर अख्ख्या ४ टीबी पुन्हा लिहायला रात्र गेली असती. बिटमॅप काढला की लेखन वेगवान होतं असं ऐकून मी तो काढायच्या बेतात होतो. आता काढणार नाही.

सीआरसीचा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. म्हणून १,४१२ आजच्या तारखेसह लिहून ठेवला. दुपारचा ढीग: बहात्तर मिनिटं. केबल खराब होतीच, ती बदलणं गरजेचंच होतं, पण रोग हा नव्हे.

१३ फेब्रुवारी

बारक्या फायलींवर संशय आला. एफआयओने ४ केबीची लेखनं, प्रत्येकामागे एफसिंक, अशी चाचणी घेतली: सेकंदाला ४० लेखनं. मग ईएक्सटी४ चा बॅरिअर बंद करून पुन्हा माउंट केलं, फक्त फरक बघायला. सेकंदाला दोन हजारांच्या वर गेली. इतका मोठा फरक बघून मी तो तसाच ठेवून दिला.

हे करू नका. बॅरिअर बंद म्हणजे फाइल सिस्टिम डिस्कला "तुझ्या स्वतःच्या कॅशमधलं आत्ता पृष्ठभागावर उतरव" असं सांगायचंच सोडून देते. डिस्क "झालं" म्हणते ते तिच्या कॅशपुरतं. त्या क्षणी वीज गेली तर जर्नल (फाइल सिस्टिमची बदलांची नोंदवही) आणि डेटा कोणत्या क्रमाने उतरले याची काहीच खात्री राहत नाही, आणि बिघडू शकते ती एखादी फाइल नव्हे, फाइल सिस्टिमची रचनाच. दोन रात्री ताईचे सगळे स्कॅन अशा स्थितीत होते. १५ तारखेला सकाळी लक्षात आलं तेव्हा आधी बॅरिअर चालू केला, मग चहासुद्धा न घेता ताज्या ढिगांची फाइल न् फाइल तिच्या लॅपटॉपवरच्या मूळ प्रतींशी चेकसमने जुळवली. सगळ्या शाबूत होत्या.

आणि दुपारचे ढीग त्या दोन्ही दिवशीही रुतलेच. म्हणजे एवढा धोका पत्करून उत्तरही मिळालं नाही. तुकडे करणारा प्रोग्रॅम प्रत्येक फाइलमागे एफसिंक करतच नाही, हे त्याच्या सेटिंगमध्ये दोन मिनिटांत वाचता आलं असतं. जे काम प्रत्यक्षात होतच नव्हतं त्याची मी चाचणी घेत होतो.

१६ फेब्रुवारी

ताईचं पहिलं वाक्य पुन्हा आठवलं. सकाळी जातं, दुपारी जात नाही. माझ्या आजवरच्या सगळ्या चाचण्या सकाळच्या होत्या, तिचं काम सुरू होण्याआधीच्या, आणि बहुतेक एका मोठ्या सलग फायलीच्या. तिची तक्रार दुपारची होती, बारक्या फायलींच्या गर्दीतली.

आज दुपारी चाचणी वगैरे काही केली नाही. तिला म्हटलं, "ताई, तू नेहमीसारखं चढव. मी नुसता बघत बसतो." मी सर्व्हरच्या शेजारी खुर्ची टाकली, आयओस्टॅट दर दोन सेकंदांनी, प्रत्येक डिस्क वेगळी.

पहिली अकरा मिनिटं चारही ओळी सारख्याच. लेखनाला लागणारा सरासरी वेळ १५ ते ३० मिलिसेकंद. मग डीच्या ओळीत तो आकडा १८० झाला, पुढच्या तक्त्यात ९००, मग २,३००. मिलिसेकंद, म्हणजे एका लेखनाला दोन सेकंदांच्या वर. डी शंभर टक्के व्यस्त, आणि एवढं करून लिहीत होती सेकंदाला जेमतेम ३-४ एमबी. ए, बी, सी १०-१२ टक्क्यांवर, डीची वाट बघत. रेड-५ मध्ये पट्टा चारही डिस्कांवर पसरलेला असतो, त्यामुळे सगळ्यात सावकाश डिस्कचा वेग तोच ॲरेचा वेग.

ताईला चढवणं थांबवायला सांगितलं. पेज कॅशमधलं उरलंसुरलं उतरलं आणि आयओस्टॅटचे सगळे रकाने शून्यावर आले. कर्नल कोणत्याही डिस्ककडे काहीही मागत नव्हता. पण पेटीतून बारीक कटकट येतच होती. चारही डिस्कांवर एकेक करून बोटं टेकवली. ए, बी, सीमध्ये नुसती फिरण्याची एकसारखी थरथर. डीमध्ये तिच्यावर हेडचे ठोके, अखंड. तिला कोणी काही सांगितलेलं नसताना ती स्वतःहून काहीतरी लिहीत होती. घड्याळ लावून बसलो. अडतिसाव्या मिनिटाला ठोके थांबले. लगेच ताईला चढवायला सांगितलं, आणि ढीग सकाळसारखा झरझर निघाला. अकरा-बारा मिनिटांनी पुन्हा तेच.

बारा दिवसांत मिळालेला हा पहिला खरा पुरावा, आणि तो मिळाला डिस्कवर हात ठेवून.

१७ फेब्रुवारी

डीचा मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात शोधला. लेखन-पद्धत: एसएमआर. बाकी तिन्ही सीएमआर, म्हणजे नेहमीच्या पद्धतीच्या. क्षमता तीच, मालिकेचं नाव तेच, क्रमांकाच्या शेवटची अक्षरं तेवढी वेगळी. घेताना मी फक्त क्षमता आणि मालिका बघितली होती.

एसएमआर समजायला कौलारू छप्पर डोळ्यांसमोर आणावं. कौलं एकावर एक चढवलेली असतात. मधलं एक बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी उचलावी लागतात. एसएमआर डिस्कवर ट्रॅक (डेटा लिहायच्या गोल रेघा) असेच एकमेकांवर किंचित चढवलेले असतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो. पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर पुढचेही परत लिहावे लागतात. हे लपवायला डिस्क स्वतःच्या पृष्ठभागाचा काही भाग कच्च्या वहीसारखा वापरते. विखुरलेली लेखनं आधी तिथे उतरवते आणि मोकळा वेळ मिळाला की जागच्या जागी नेऊन लावते. वही भरली की प्रत्येक लेखनाला ती सगळी उचलठेव करूनच पुढे जावं लागतं. रात्रभर विश्रांती मिळाली की सकाळी वही रिकामी. काल बोटांना लागले ते ठोके ती वही रिकामी करण्याचेच होते.

गेल्या वर्षी ही डिस्क बसवताना रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं) विनातक्रार पार पडला, म्हणून तिच्यावर कधी संशय आला नाही. रीबिल्ड म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग लेखन, आणि सलग लेखन या डिस्का चांगलं करतात. माझ्या सकाळच्या चाचण्या याच कारणाने पास होत होत्या.

ओळखायचं कसं, हे ज्यांना हवं असेल त्यांच्यासाठी: कर्नल सांगेल यावर विसंबू नका. हे सगळं डिस्क आतल्या आत सांभाळते आणि बाहेर साधी डिस्क असल्याचंच सांगते. माझ्या मशीनवर झोनच्या रकान्यात (एसएमआर असल्याचं कळलं तर ते इथे दिसायला हवं) डीसमोर "नन" असंच होतं. मात्र स्मार्ट माहिती वाचणाऱ्या स्मार्टसीटीएलच्या माहितीत तिच्यासमोर ट्रिम उपलब्ध असल्याची ओळ होती. ट्रिम, म्हणजे कोणती जागा आता रिकामी आहे हे डिस्कला कळवणं, ही एसएसडीची गोष्ट. फिरत्या डिस्कसमोर ती दिसली की एसएमआरचा दाट संशय घ्यावा. ती नसली म्हणून डिस्क सीएमआरच असं मात्र नाही. उत्पादकाचं पत्रक वाचणं हाच पक्का मार्ग. एप्रिल २०२० मध्ये तिन्ही मोठ्या उत्पादकांना काही मॉडेलांत ही पद्धत गाजावाजा न करता वापरल्याचं मान्य करावं लागलं होतं. त्याआधीच्या माहितीवर त्यामुळे भिस्त ठेवू नये.

२० फेब्रुवारी

नवी सीएमआर डिस्क आली. या वेळी मागवण्याआधी अख्खा मॉडेल क्रमांक पत्रकाशी जुळवला.

बसवण्याआधी ती सुटीच तपासली: एफआयओने थेट डिस्कवर ४ केबीची विखुरलेली लेखनं, दोन तास. वेग पहिल्या मिनिटाला जो होता तोच शेवटच्या मिनिटाला. ही चाचणी डिस्कवरचं सगळं पुसते, म्हणून नाव देताना जपा. नवी डिस्क लावल्यावर कर्नलने अक्षरं सरकवली होती, आणि काल ज्या नावाने डी होती त्या नावाने आज ए आली होती. अनुक्रमांक असलेलं नाव वापरलं आणि डिस्कवरच्या स्टिकरशी जुळवूनच एंटर दाबलं.

डी काढून मग नवी बसवायची, असं केलं नाही. त्यात रीबिल्ड पुरा होईपर्यंत ॲरे तीन डिस्कांवर राहतो. पाचव्या साटा पोर्टवर नवी डिस्क लावली, ती स्पेअर (राखीव) म्हणून घेतली आणि एमडीॲडम या एमडीच्या आज्ञेच्या रिप्लेसने डीच्या जागी बसवली. डी शेवटपर्यंत कामात राहते आणि तिच्यावरून थेट नकल होते. आठ तास चाळीस मिनिटं लागली. ज्यांच्याकडे एक पोर्ट मोकळं आहे त्यांनी हाच मार्ग घ्यावा.

एक राहून गेलेली गोष्ट: ११ तारखेला मशीन बंद केलं तेव्हाच स्ट्राइप कॅश परत २५६ वर गेली होती आणि आठवडाभर मला पत्ताच नव्हता. ते मूल्य रीबूटनंतर टिकत नाही. आता युडेव्हचा (उपकरण दिसलं की ठरलेलं काम करणारी लिनक्सची सोय) नियम लिहिला आहे. ॲरे उभा राहिला की ४०९६ आपोआप बसतं. दोनदा रीबूट करून खात्री केली.

२४ फेब्रुवारी

चार दिवस ताईचं काम नेहमीसारखं चालू. मी चाचणी घेतली नाही, फक्त वेळा लिहिल्या. आजच्या: सकाळी आठ मिनिटं, अकराला आठ, दोनला नऊ, साडेचारला आठ. चौथ्या ढिगाच्या वेळी पुन्हा खुर्ची टाकून बसलो. चारही डिस्कांचे आकडे २० ते ३५ मिलिसेकंदांत, एकही ओळ वेगळी पडलेली नाही. चढवणं संपल्यावर अर्ध्या मिनिटात पेटी शांत. बीचा सीआरसी आकडा अजून १,४१२ च.

ताईचा निरोप आला: "आज पाच ढीग होतील रे."

एकूण खर्च: एक डिस्क, एक साटा केबल, आणि माझे सुमारे एकतीस तास, त्यातले वीस तरी चुकीच्या जागी खणण्यात.

जुनी डी फेकलेली नाही. ती धडधाकट आहे, फक्त या कामाची नाही. आठवड्यातून एकदा सगळ्या टिफ फायलींची सलग प्रत तिच्यावर घेतो आणि ती काढून कपाटात ठेवतो. तिच्यावर मार्करने लिहिलं आहे: "एसएमआर. रेडमध्ये घालू नये." बाकी चौघींवरही लेखन-पद्धत आणि बसवल्याची तारीख लिहून चिकटवली.